जयपूर ते सोलापूर: एक्केचाळीस हजारांचं भाडं साडेशहात्तर हजारांना पडलं त्याची गोष्ट

भाडं ठरलं होतं 41,000. सामान जुळे सोलापुरातल्या घरात उतरेपर्यंत आमचे 76,500 गेले. वर एक खोका कमी भरला आणि कुणाचा तरी परका खोका जास्तीचा आला. त्या खोक्याचं शेवटी सांगते.

यांच्या नोकरीमुळे आम्ही नऊ वर्षं जयपूरला होतो. सासरे गेल्यावर सासूबाई इकडे एकट्या पडल्या, धाकटीची दहावीही झाली, म्हणून गेल्या मे महिन्यात कायमचं परत यायचं ठरवलं. जयपूर ते सोलापूर म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 52. कोटा, इंदूर, धुळे, संभाजीनगर, बीड, तुळजापूर, सगळं त्या एकाच रस्त्यावर, तेराशे किलोमीटरच्या आसपास. नकाशा बघून हे म्हणाले, "एकच तर रस्ता आहे, चुकायचं काय त्यात!"

मी एका वेबसाइटवर फॉर्म भरला आणि अर्ध्या तासात चौदा फोन आले. बहुतेकांचे आकडे 62 ते 68 हजारांच्या मधे. एकट्याने 41 सांगितले, पॅकिंग, हमाली, टोल सगळं धरून. नाव एका मोठ्या कंपनीसारखंच, मधे एक शब्द जास्त घुसवलेला. तो शब्द मला तेव्हा दिसला नाही असं नाही, मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. इतकं स्वस्त कसं, असं विचारल्यावर म्हणाला, महाराष्ट्राची गाडी माल टाकून रिकामी परत चालली आहे, तुमचं सामान तिच्यात जाईल. परतीच्या गाडीचं भाडं कमी असतं हे खरंच आहे. माझे दीर मार्केट यार्डात एका हुंडेकऱ्याकडे, म्हणजे मालवाहतूक ठरवून देणाऱ्याकडे, वीस वर्षं कारकून आहेत, त्यांच्या तोंडून मी ते कितीदा ऐकलेलं. म्हणूनच पटलं. पुढेही तो जे जे खोटं बोलला त्याच्या पोटात असं काहीतरी खरं असायचंच.

दिरांनाच एक फोन केला असता तर ही वेळ आली नसती. पण "आम्ही बघतो की आमचं" ही जी खुमखुमी असते ना!

पाच हजार टोकन यूपीआयने पाठवलं. खातं कंपनीचं नव्हतं, कुणा माणसाच्या नावाचं होतं. "मालकांचं आहे." बरं.

सामान भरायला सकाळी नऊला येणार होते, ते दुपारी चारला आले. आमच्या भाड्याच्या घराची किल्ली रात्री आठला द्यायची होती, आणि ते त्यांना माहीत होतं, कारण मीच फोनवर सांगून बसले होते. सहा पोरं, हात असे चालत होते की बघत राहावं. आईचं जुनं शिवणयंत्र मी डोळ्यासमोर बांधून घेतलं: पुठ्ठ्याचा एक वेढा, वर प्लास्टिक, झालं. मी म्हटलं, अजून एक रजई गुंडाळा, तर हसून म्हणाला, "लोहा है मैडम, क्या होगा."

यादी मुकादम लिहीत होता. खोका 1, खोका 2, फ्रिज, कपाट. प्रत्येक नावापुढे तो इंग्रजीत एकदोन अक्षरं टाकत होता. सही करताना विचारलं तर म्हणाला, आमची खूण आहे. ती अक्षरं म्हणजे "ओरखडे आहेत", "पोचा आहे", "जुनं" अशी होती, हे मला सोलापुरात दिरांनी सांगितलं. फ्रिज आम्ही दिवाळीत घेतलेला, त्याच्यापुढेही पोचा! म्हणजे पुढे जे काही मोडेल ते आधीच मोडलेलं होतं, असं मी माझ्या सहीने लिहून दिलं.

फाळका लागला, ताडपत्री बांधली, दोर आवळले, आणि मग पैशांचं बोलणं सुरू. ठरलेले वीस हजार दिले. मग म्हणाला, विमा. मालाची किंमत तीन लाख धरली, तीन टक्के, नऊ हजार. पॉलिसी मेलवर येईल. आलं ते त्याच्याच लेटरहेडवरचं एक पान, त्यावर विमा कंपनीचं नाव नाही, पॉलिसी नंबर नाही, मुदत नाही. त्याला हे लोक एफओव्ही म्हणतात. तो विमा नव्हे, "जबाबदारी आमची" असं सांगून घेतलेले जास्तीचे पैसे.

त्याच्या पाठोपाठ, सामान सहाशे घनफूट धरलं होतं, आठशे भरलं. आठ हजार. मोजलं कुणी? टेप कुणाच्याच हातात नव्हता. पण रात्रीचे साडेसात वाजलेले, घरमालक जिन्यात उभा, पोरी पायऱ्यांवर बसलेल्या. उतरवून घ्या म्हणायची आमची हिंमत झाली नाही. दिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही रेल्वेत असताना फोन आला. इंदूरच्या अलीकडे गाडी अडवली आहे, तुमच्या सामानाचं ई-वे बिल नाही, 6,500 दंड भरला तर सोडतील. मालाला ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागतं, ते नसेल तर दंड होतो, हे खरं. पण वापरलेल्या घरगुती सामानाला नियमातच सूट आहे, हे मला नंतर कळलं. रेल्वेत नेटवर्क येत-जात होतं, यांनी पाठवून टाकले.

तिसऱ्या दिवशी कन्नडचा घाट. "औट्रम घाट जड गाड्यांना बंद आहे, नांदगावकडून फिरून यावं लागेल, डिझेलचे पाच हजार द्या." घाटात जड वाहनांना बंदी आहे, मी यांच्या मित्राला विचारून खात्री केली. बंदी 2023 पासूनची! भाडं सांगताना त्याला ती ठाऊक नव्हती का? हा प्रश्न सुचेपर्यंत घासाघीस करून तीन हजार गेलेले होते.

मग फोन बंद. पाच दिवस काहीच नाही. सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. रिकाम्या घरात शेजारून आणलेल्या दोन चादरी खाली टाकून झोपत होतो, पोरींचे शाळेचे दाखलेसुद्धा गाडीत. (कागदपत्रं आणि दागिने आपल्या पिशवीत ठेवावेत एवढी अक्कल मला होती, दाखले तेवढे चुकून पुस्तकांच्या खोक्यात गेले.) सासूबाई रोज संध्याकाळी विचारायच्या, "आली का गं गाडी?" आणि उत्तराची वाट न बघता कडक भाकरी नि शेंगा चटणी पुढ्यात ठेवायच्या.

नवव्या रात्री साडेअकराला जयपूरवाल्याचा फोन. गाडी तुळजापूर नाक्यावर आली आहे. राहिलेले 16,000, शिवाय गाडी थांबून राहिल्याचे, शहरात यायचे, हमालीचे मिळून 14,000. तीस हजार आत्ता खात्यावर टाका, नाहीतर गाडी सकाळी परत. शहरात जड गाड्यांना यायच्या वेळा ठरलेल्या आहेत, हेही खरंच.

यांनी मोबाइल उघडला होता. मी तो हातातून काढून घेतला आणि लाज सोडून दिरांना फोन लावला.

ते लुंगीवरच मोटरसायकल घेऊन आले. नाक्यावर पोचल्यावर पहिल्यांदा त्यांनी गाडीची नंबरप्लेट बघितली. "वहिनी, भरली कुठल्या गाडीत होती?" मी मोबाइलमधला फोटो दाखवला. आरजे 14 पासिंगची, म्हणजे जयपूरची. समोर उभी होती ती एमपी 09, म्हणजे इंदूरची. आमचं सामान इंदूरला कुठल्यातरी गोदामात उतरवून दुसऱ्या गाडीत भरलं होतं, आणखी दोन घरांच्या सामानाबरोबर. म्हणजे परतीची गाडी वगैरे काही नव्हतंच.

दिरांनी ड्रायव्हरवर आवाज चढवला नाही. चहा मागवला. मग म्हणाले, "भाई, बिल्टी दिखाव." बिल्टी म्हणजे मालाच्या वाहतुकीची पावती. त्या पोराने सीटखालून घडी घातलेला गुलाबी कागद काढला. इंदूर ते सोलापूर, आणि भाड्याच्या रकान्यात लिहिलेलं: टू-पे, 25,000. टू-पे म्हणजे भाडं माल घेणाऱ्याने द्यायचं. जयपूरवाल्याने या गाडीला एक रुपया दिलेला नव्हता. ड्रायव्हरला सांगितलेलं की पार्टी पंचवीस देईल. आणि आम्हाला सांगत होता, तीस माझ्या खात्यावर टाका. ते टाकले असते तरी हा पोरगा पंचवीस घेतल्याशिवाय फाळका उघडणार नव्हता, आणि त्याचं काय चुकलं असतं? तोही तीन दिवस उन्हात होता.

पंचवीस हजार ड्रायव्हरच्या मालकाच्या खात्यावर दिले, गुलाबी कागदावर पोच लिहून घेतली. पहाटे पाचला गाडी दारात आली. दिरांनी हमालांना थांबवून ठेवलं आणि एकेक नग उतरताना बिल्टीच्या पाठीवर लिहायला लावलं: फ्रिजचं दार आत गेलेलं, जेवणाच्या टेबलाचा पाय तुटला, शिवणयंत्राचं हातचाक तुटून दोन तुकडे. लोहा है मैडम. ड्रायव्हरने खाली सही केली. तक्रारीला जोडण्यासारखा आमच्याकडे तो एकच धड कागद आहे.

दुसऱ्या दिवशी दिरांनी पावतीवरचा जीएसटी नंबर वाचला. राजस्थानच्या नंबराची सुरुवात 08 ने होते, महाराष्ट्राच्या 27 ने. याच्या नंबराची 07 ने, म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता नंबर टाकून बघता येतो. टाकला, तर भलत्याच एका दुकानाचं नाव आणि नोंदणी रद्द. पाच मिनिटांचं काम. मी टोकन पाठवण्याआधी करायला हवं होतं.

पोलीस चौकीत अर्ज घेतला, पण हा व्यवहाराचा वाद आहे म्हणाले. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली, समोरून उत्तर नाही. दिरांनी सांगितलं म्हणून लेखी नोटीसही लगेच काढली. मालवाहतुकीच्या 2007 च्या कायद्यात नुकसानीचा दावा करायचा तर माल बुक केल्यापासून 180 दिवसांच्या आत नोटीस द्यावी लागते, आणि मी तर "जरा स्थिरस्थावर होऊ दे" म्हणत होते. स्पीड पोस्टाने गेलेलं पाकीट "पत्ता अपूर्ण" असा शेरा घेऊन परत आलं. ते तसंच न फोडता ठेवलं आहे. आता ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती या सरकारी साइटवरून सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. आपण राहतो तिथे ती करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तारीख मिळाली आहे. पैसे परत मिळतील असं दिरांना वाटत नाही, मला तर नाहीच नाही.

राहिला खोका. आमचा 27 नंबरचा आला नाही. त्यात आईची तांब्याची घागर होती आणि पोरींच्या लहानपणीचे फोटो, मोबाइलच्या आधीचे, म्हणजे दुसरी प्रत कुठेच नाही. त्याच्या जागी जो आला त्यावर हिरव्या मार्करने "11 रसोई" लिहिलं आहे. त्या गाडीतलं एक सामान पुढे विजापूरमार्गे हुबळीला जाणार होतं, असं ड्रायव्हर म्हणाला होता. कदाचित त्यांचा असेल, आणि आमचा त्यांच्याकडे. खोक्याचा तळ तेलाने पिवळा झाला होता म्हणून उघडावा लागला. आतली लोणच्याची बरणी फुटली होती, ती टाकून दिली. बाकी सगळं पुसून, वाळवून, परत भरून जिन्याखाली ठेवलं आहे. आत काय काय आहे ते सांगा आणि घेऊन जा.