शिसवी म्हणून रंगवलेले लाकूड विकले गेले: २८,६५० रुपयांना फसलो

घरी बनवत असलेल्या गिटारच्या पाठीसाठी व बाजूंसाठी शिसव, म्हणजे व्यापारी ज्याला इंडियन रोजवूड म्हणतात ते लाकूड, आणि वरच्या फळीसाठी सिटका स्प्रूस हे सूचिपर्णी झाडाचे लाकूड मी जूनमध्ये एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवले. शिसवाचे १४,५०० रुपये, स्प्रूसचे ९,८००, कुरिअरचे १,१५० आणि ‘वाहतूक परवान्याचे’ म्हणून मागाहून मागितलेले ३,२०० रुपये मी यूपीआयने भरले. शिसवाच्या प्रजाती २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापार-निर्बंधांखाली आहेत हे वाचलेले असल्यामुळेच मला ती मागणी रास्त वाटली. परवान्याचा कागद हाती आल्याशिवाय त्याचे पैसे देऊ नका.

लाकूड आले त्याच संध्याकाळी मी स्पिरिटचे फडके फळीवरून फिरवले. खऱ्या शिसवाचा रंग स्पिरिटमध्ये सुटतो, पण तो जांभळट असतो. माझ्या फडक्यावर तांबूस तपकिरी डाग उमटला आणि रंग सुटला एवढ्यावरच मी निश्चिंत झालो. तो डाग डोळ्यांसमोर असताना मला कळायला हवे होते. कडेला रंध्याचा एक हात मारला असता, तरी सारे उघड झाले असते! मी तो मारला नाही, कारण लाकूड घरच्या हवेला रुळेपर्यंत त्याला हत्यार लावू नये, असा नियम आहे आणि विक्रेत्यानेही तेच बजावले होते. परत करण्याची मुदत ७ दिवसांची होती, हे त्याला पक्के ठाऊक होते.

तीन आठवड्यांनी बाजूची पट्टी २ मिलिमीटरपर्यंत उतरवताना काळपट थराखालून फिकट, पांढुरके लाकूड निघाले आणि भुशाला शिसवाचा गोडसर वास मुळीच नव्हता. स्प्रूसच्या फळीतही टोकाकडची वलये गिटारला हवी तशी उभी नसून तिरपी होती. फोटोत टोके दाखवत नाही त्याच्याकडून फळी घेऊच नका.

सायबर तक्रारीसाठी फोन केला तेव्हा माल मिळाला असल्याने ही फसवणूक नव्हे, असे उत्तर मिळाले. पोलीस चौकीत मला दोन तास बसवून हा दिवाणी मामला असल्याचे सांगितले. ग्राहक तक्रारीसाठी जीएसटीचे पक्के बिल मागितले गेले, जे विक्रेत्याने दिलेच नव्हते; ते आधी मागून घ्या. वन कार्यालयात तर, लाकूड शिसवी नाही म्हणजे परवान्याचा प्रश्नच नाही, असे म्हणून माझा अर्ज परत केला, आणि खोट्या परवान्यासाठी घेतलेल्या ३,२०० रुपयांची दाद मी कोठे मागायची, हे कोणीही सांगितले नाही. रंध्याने उघडी पडलेली ती पट्टी चौकीने पुरावा म्हणून ठेवून घेतली आहे. तिची पोच मात्र दोनदा मागूनही मिळालेली नाही.