‘अनट्रीटेड’ हिरवा नीलम घेतला आणि एक लाख दहा हजाराला फसलो, बिल करायच्या आधी वाचा

हे लिहायला दोन महिने लागले, कारण घरात नुसता विषय निघाला तरी लेक रडायला लागते. पण परवा आमच्या शाळेतल्या एक मॅडम अगदी तसाच खडा घ्यायला निघाल्या होत्या, ते ऐकून राहवलंच नाही. आम्ही परभणीचे. दुकानाचं आणि गावाचं नाव लिहीत नाही कारण तक्रार दाखल केलेली आहे.

लेकीचं लग्न ठरलं आणि तिला अंगठीत हिरवा खडा पाहिजे होता. आमच्या डोक्यात पाचू होता. सराफ म्हणला, ताई पाचू रोज घालायचा खडा नाही, त्याच्यात जन्मतःच चिरा असतात, त्या झाकायला तेल भरलेलं असतं, कुठं आपटला की टवका उडतो. पोरगी रोज स्कूटीवर जाते, भांडी सुद्धा अंगठी न काढता घासणार, तुम्ही हिरवा नीलम घ्या. नीलम म्हणल्याबरोबर आमच्या आत्याबाई घाबरल्या, नीलम सगळ्यांना धार्जिणा नसतो गं बाई, लग्नात कशाला शनी बोटात घालायचा. तर तो हसून म्हणला, ते निळ्याचं झालं, हा हिरवा, आणि माणिक, नीलम, पुष्कराज सगळी एकाच कुरुंदाची लेकरं, रंग तेवढा वेगळा. (कुरुंद म्हणजे तोच, ज्याच्या दगडावर विळ्या-खुरप्याला धार लावतात.)

आता नीट बघा, इथपर्यंत तो एक शब्द खोटं बोलला नव्हता. दहाच्या मापावर पाचूचा कडकपणा साडेसात ते आठ, नीलमचा 9, आणि माणिक, नीलम, पुष्कराज यांची जातही एकच. म्हणून तर विश्वास बसला.

मग त्यानं काचेची पट्टी काढली आणि खड्यानं तिच्यावर टरकन रेघ ओढली. मोबाईलचा टॉर्च खालून लावून दाखवला, आत एक डाग नाही की रेष नाही, रंग पोपटाच्या पंखासारखा लखलखीत. म्हणला असा माल लाखात एक, शंभर टक्के अनट्रीटेड, म्हणजे ह्याला भट्टीत तापवलेलं नाही. वजन 2.90 कॅरेट, कॅरेटला 38,000, म्हणजे खड्याचे 1,10,200 आणि सोनं-मजुरी वेगळी. यंदाच्या सोयाबीनचे पैसे आणि माझी भिशी असं मिळून दिले. पक्कं बिल मिळालं, त्यावर ‘अनट्रीटेड ग्रीन सफायर’ असं लिहिलेलं, सोबत दुकानाचंच चकाकणारं प्लास्टिकचं कार्ड. अंगठीच्या आतला सहा अक्षर-आकड्यांचा हॉलमार्कचा नंबर, एचयूआयडी, आमच्या ह्यांनी बीआयएस केअर ॲपवर टाकून बघितला, बरोबर निघाला, आम्ही निर्धास्त. हॉलमार्क सोन्याचा असतो, खड्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

लग्नानंतर अंगठी घट्ट व्हायला लागली म्हणून गल्लीतल्या जुन्या कारागिराकडं नेली. त्यांनी भिंग लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, वहिनी ह्याचा लॅबचा रिपोर्ट आहे का. कार्ड दाखवलं तर म्हणले हा रिपोर्ट नाही, हे दुकानदारानं छापलंय. हिरवा नीलम एवढा भडक आणि एवढा साफ मी तरी बघितला नाही, मी काही लॅब नाही पण तुम्ही तपासून घ्याच. त्यांनीच खडा कोंदणातून काढून पुडीत बांधून दिला आणि आम्ही देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईची खडे तपासायची लॅब गाठली.

लॅबमधल्या मॅडमनी खडा एका द्रवात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला बघायला लावलं. आत बारीक बारीक वाकड्या रेषा, जुन्या रेकॉर्डच्या तबकडीवर असतात तशा, आणि दोन-तीन गोल बुडबुडे. त्या म्हणाल्या खाणीतल्या नीलममध्ये रंगाचे पट्टे सरळ असतात, षटकोनासारखे कोपऱ्यात वळतात, कमानीसारखे कधीच नाहीत. हा कारखान्यात केलेला आहे, सिंथेटिक. ॲल्युमिनियम ऑक्साइडची पावडर दोन हजार अंशाच्या वरच्या ज्योतीतून खाली सोडतात, ती वितळून थेंब थेंब साचते, साचणाऱ्या गोळ्याचा माथा गोल असतो म्हणून थरही वाकडे बसतात. ही पद्धत व्हर्नॉय नावाच्या फ्रेंच माणसानं 1902 मध्ये जाहीर केली. माझ्या तर हातापायातलं बळच गेलं. म्हणलं अहो पण त्यानं काचेवर रेघ ओढून दाखवली होती. त्या म्हणाल्या ओढणारच की, हाही कुरुंदच, कडकपणा तोच 9, वजन तेच, चमक तीच, त्या परीक्षेत तो कधीच नापास होणार नाही. असा खडा काही शे रुपयांना मिळतो.

खरा हिरवा नीलम कसा असतो तेही त्यांनी दुसऱ्या एका खड्यात दाखवलं. बाभळीच्या पाल्यासारखा मळकट हिरवा, लोखंडाच्या अंशामुळं, आणि भिंगातून बघितलं तर त्यात निळे आणि पिवळे पट्टे शेजारी शेजारी होते, लांबून दोन्ही मिसळून हिरवा दिसायचा. ऑस्ट्रेलिया, अमेरिकेतलं मोंटाना, श्रीलंका इकडून असे येतात. मला तर तो मळकटच जास्त आवडला, खरं सांगते.

पण सगळ्यात जास्त जीवाला लागलं ते पुढं. रिपोर्ट घेऊन दुकानात गेलो तर तो शांतपणे म्हणतो, ताई बिलावर अनट्रीटेड लिहिलंय, नॅचरल कुठं लिहिलंय, ह्या खड्यावर खरंच कुठली ट्रीटमेंट केलेली नाही. म्हणजे तो शब्द ठरवूनच लिहिला होता! आणि उलटंही होतं बरं का, नुसतं ‘नॅचरल’ लिहिलेला खडा खाणीतलाच असेल पण भट्टीत हजार-अठराशे अंशाला तापवलेला, बेरिलियम नावाचा धातू घालून रंग बदललेला किंवा चिरांत काच भरलेला असू शकतो. अशा खड्याची किंमत फार कमी होते.

म्हणून हात जोडून सांगते, बिलावर ‘नैसर्गिक’ आणि ‘न तापवलेला, कुठलीही प्रक्रिया न केलेला’ हे दोन्ही शब्द लिहून घ्या, वजन लिहून घ्या. रिपोर्ट दुकानानं दिलेला नको, तुम्ही निवडलेल्या लॅबचा पाहिजे, आणि त्यात तापवल्याची चिन्हं आढळली नाहीत असं वाक्य आहे का ते वाचा, ती जागा कोरी असेल तर तपासलंच नाही असं समजा. खडा सुटा असतानाच तपासा, कोंदणात बसला की अर्धा झाकला जातो. विकणारा खरा असेल तर रिपोर्ट येईपर्यंत पैसे थांबवायला तयार होतो. आम्ही हे विचारलंच नाही, आम्हाला तो भला माणूस वाटला.

कुणी आधीच फसलं असेल तर 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखापर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. दुकानदार म्हणेल खडा द्या, बदलून देतो, तर हातात देऊ नका, तोच पुरावा आहे. आम्हालाही तसंच म्हणला होता. आमचा खडा पुडीत, पुडी लॅबच्या रिपोर्टसोबत पाकिटात, आणि पाकीट वकिलाकडं आहे. कोंदण अजून रिकामंच आहे, लेक म्हणते केस संपल्याशिवाय दुसरं काही बसवायचं नाही.