नाव १०५० टीआय, आत ५५० टीआय

जुनं ग्राफिक्स कार्ड घ्यायला निघालेल्यांसाठी हे लिहितो आहे, त्यातही इंदूरातल्या आपल्या मंडळींसाठी, कारण आपल्याकडे ‘दुकानदार ओळखीचा आहे’ एवढ्यावर बरेच व्यवहार होतात. माझाही ओळखीतूनच झाला, आणि १०५० टीआय म्हणून जुनंच बनावट कार्ड गळ्यात पडलं. दुकानाचं नाव इथे देत नाही. तक्रार नोंदवून झाली आहे, नवी कटकट नको. शिवाय असा माल एकाच दुकानात असतो असंही नाही.

मी लोकमान्य नगरात राहतो आणि घरीच लग्नामुंजींच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. मशीन जुनं, त्यात जीटीएक्स ७५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड, २ जीबीचं. गणपतीच्या थोडं आधी विंडोजचं एक अपडेट झालं आणि स्क्रीन मधेच काळी पडायला लागली. दोन-तीन सेकंद काळी, मग परत येते, पण एडिटिंगचं सॉफ्टवेअर तोवर बंद पडलेलं असतं. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडलं की दर वेळी एकच नोंद: ‘डिस्प्ले’, क्रमांक ४१०१, ड्रायव्हरनं (विंडोज आणि कार्ड यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरनं) प्रतिसाद देणं थांबवलं आणि तो पुन्हा सुरू झाला.

पुढचा सगळा खेळ या नोंदीच्या आधारानं झाला, म्हणून तिचा अर्थ सांगतो. विंडोज कार्डाला काम देते आणि साधारण २ सेकंद वाट पाहते. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर ती ड्रायव्हर पाडून पुन्हा उभा करते. व्हिस्टापासून ही सोय आहे, तिला टीडीआर म्हणतात. हा पुन्हा उभा करण्याचा प्रयत्न फसला की निळी स्क्रीन येते. म्हणजे नोंद फक्त एवढंच सांगते की कार्डानं वेळेत उत्तर दिलं नाही. का दिलं नाही, याबद्दल ती गप्प असते. ड्रायव्हर बिघडला असेल, पंख्यात धूळ बसून कार्ड तापत असेल, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) कमी पडत असेल, रॅम ढिली असेल, किंवा खरंच कार्ड गेलं असेल. आणि नोंदीतच ‘ड्रायव्हर’ लिहिलेलं असल्यामुळे दुकानदाराला यातलं सोयीचं ते कारण निवडता येतं.

आमच्या दुकानदारानं आधी कार्ड निवडलं. आर.एन.टी. मार्गाच्या बाजूला कॉम्प्युटरची जी दुकानं आहेत त्यातलं एक. कॅबिनेट उघडलं, ब्लोअर मारला, मशीन लावून एक टेस्ट चालवली, स्क्रीन काळी झाली. “कार्ड गया भिया.” चिप गरम करून चालवून देईन पण महिनाभर टिकेल, असंही म्हणाला. वर म्हणाला, “वैसे भी इसका सपोर्ट बंद कर रही कंपनी.”

हे अर्धसत्य होतं, आणि अर्धसत्यच जास्त पटतं. या कार्डांच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियानं २०२५ मध्ये जाहीर केलं होतं की मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या पिढ्यांच्या कार्डांना ऑक्टोबर २०२५ नंतर नवे गेम रेडी (म्हणजे नेहमीचे) ड्रायव्हर मिळणार नाहीत. पण सुरक्षेची अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीला येत राहणार आहेत, आणि जुना ड्रायव्हर काही एका रात्रीत मरत नाही. माझं ७५० टीआय मॅक्सवेलचं. त्यानं बदली म्हणून जे दाखवलं ते जीटीएक्स १०५० टीआय, म्हणजे पास्कल, म्हणजे त्याच यादीतलं! सपोर्टची भीती घालून त्याच यादीतलं कार्ड विकायला काढलं होतं. अर्थात तेही १०५० टीआय असतं तर.

साडेपाच हजार ठरले. ४ जीबीचं, ‘रिफर्ब’ (म्हणजे दुरुस्त करून विकलेलं जुनं), दिल्लीचा माल, पंधरा दिवसांची चेकिंग वॉरंटी. पक्कं बिल मागितलं तर “जुन्या मालावर पक्कं बिल कसं देणार”, म्हणून छापील एस्टिमेटच्या पॅडवर कच्चं बिल फाडलं. त्यावर ‘ग्राफिक कार्ड’ एवढंच लिहीत होता. मी पूर्ण नाव लिहायला लावलं, जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी. पैसे यूपीआयनं दिले, ते दुकानाच्या नावावर न जाता एका माणसाच्या खात्यावर गेले. जुनं कार्ड तो “भंगार में रख लेता हूँ” म्हणत होता. ते मात्र मी उचलून आणलं. आमच्या घरात चार्जरच्या वायरीसुद्धा टाकून द्यायची पद्धत नाही.

कार्ड त्यानंच लावलं, ड्रायव्हरही त्यानंच पेन ड्राइव्हवरून टाकला. निघताना सांगितलं, ड्रायव्हर अपडेट करू नका, यात खास व्हर्जन टाकलंय, अपडेट केलं तर वॉरंटी गेली. हे वाक्य कोणत्याही दुकानात ऐकलंत तर कार्ड तिथेच काढून घ्या आणि पैसे परत मागा. एनव्हिडिया असो वा एएमडी, ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर फुकट असतो आणि चांगल्या कार्डाला तो चालायलाच हवा.

घरी आल्यावर डेस्कटॉपच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाच्या वर, बारीक अक्षरात ‘टेस्ट मोड’ दिसायला लागलं, खाली विंडोजचा बिल्ड नंबर. फोन केला तर म्हणाला, नव्या कार्डाला असं येतंच.

छोटी कामं झाली. साखरपुड्याची एक क्लिप नीट निघाली. मग ४-के मध्ये शूट केलेलं एक लग्न टाइमलाइनवर घेतलं, रंग दुरुस्त करायला लागलो, आणि स्क्रीन काळी. पुन्हा तेच, पुन्हा ४१०१, आणि आता कधीकधी थेट निळी स्क्रीन. दुसरी गोष्ट जास्त खटकली. जुन्या कार्डावर एक्स्पोर्ट करताना हार्डवेअर एन्कोडिंग (व्हिडिओ बनवण्याचं काम कार्डाकडून करून घेणं) निवडता यायचं. या ‘मोठ्या’ कार्डावर तो पर्याय फिकट झालेला, क्लिकच होत नव्हता. अर्ध्या तासाचं एक्स्पोर्ट प्रोसेसरवर रात्रभर चालायचं.

फोन केला की उत्तर ठरलेलं: “ड्रायव्हर का इश्यू है.” आधी दोष कार्डाचा होता, आता ड्रायव्हरचा. एकदा त्यानं रिमोटवर येऊन रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये) ती २ सेकंदांची मुदत वाढवून दिली. इंटरनेटवरही हा सल्ला खूप सापडतो. त्यानं एवढंच होतं की स्क्रीन आधी गोठते आणि मग काळी पडते. मग म्हणाला, विंडोजच नवी टाका, आठशे रुपये. तोवर अनंत चतुर्दशी आली, झांक्यांच्या (चित्ररथांच्या) रात्री जेल रोड-राजवाड्याकडची वाहतूक बंद, दुकान बंद, आणि त्याच गडबडीत चेकिंग वॉरंटीचे दिवस संपले.

(याच काळात बायकोनं गूगलवर ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीचं कस्टमर केअर शोधलं. जो नंबर लागला तो पहिल्याच मिनिटात स्क्रीन शेअर करण्याचं ॲप टाका म्हणाला आणि ड्रायव्हरची ‘वार्षिक फी’ सांगू लागला. तिनं फोन ठेवला. ड्रायव्हरला फी नसते. असल्या प्रकारात पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवायचं.)

दिवाळीत भाचा आला, तो बंगळुरूला नोकरीला असतो. “मामा, हा टेस्ट मोड कशाला?” हा त्याचा पहिला प्रश्न. ज्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टची मान्य सही नसते तो विंडोज आत घेत नाही. घ्यायला लावायचं असेल तर टेस्ट मोड चालू करावा लागतो आणि त्याआधी बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट ही सुरक्षेची सोय बंद. दुकानदारानं दोन्ही केलं होतं. भाच्यानं टेस्ट मोड बंद करून मशीन पुन्हा सुरू केलं, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या भागांच्या यादीत) कार्डावर पिवळा त्रिकोण आणि कोड ५२: ड्रायव्हरच्या सहीची खात्री करता येत नाही.

मग त्यानं त्याच खिडकीतल्या ‘डिटेल्स’मध्ये हार्डवेअर आयडी काढला. कार्डाचं दाखवायचं नाव ड्रायव्हरच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं, ते बदलता येतं. हा क्रमांक मात्र चिपची खरी ओळख सांगतो. निदान माझ्या कार्डात तो बदललेला नव्हता. व्हेन्डर १०डीई, म्हणजे एनव्हिडिया, इथवर ठीक. डिव्हाइस १२४४. खऱ्या १०५० टीआयचा असतो १सी८२. १२४४ म्हणजे जीटीएक्स ५५० टीआय, मार्च २०११ मध्ये बाजारात आलेलं, फर्मी पिढीचं. त्या पिढीचे गेम रेडी ड्रायव्हर एप्रिल २०१८ मध्येच थांबले आणि सुरक्षेची अपडेटही जानेवारी २०१९ पर्यंतच होती. म्हणजे सपोर्ट चालू असलेलं कार्ड काढून, सपोर्ट संपून सहा वर्षं झालेलं कार्ड मला बसवून दिलं होतं.

खात्रीसाठी जीपीयू-झेड चालवलं. हे छोटं सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि २०१८ पासून त्याला अशी बनावट एनव्हिडिया कार्डं ओळखता येतात. आमच्याकडे कंपनीच्या लोगोच्या जागी उद्गारचिन्हाचा त्रिकोण आणि कार्डाच्या नावाआधी चौकटी कंसात ‘फेक’. मेमरी ४ जीबी दाखवत होतं, कारण कार्डाच्या स्वतःच्या बायोसमध्ये (आतल्या मूळ प्रोग्रॅममध्ये) तसं भरून ठेवलेलं. पण सेन्सर्सच्या टॅबमध्ये मेमरीचा आकडा १ जीबीच्या जवळ गेला की हमखास स्क्रीन काळी. कार्डावर मुळात तेवढीच मेमरी होती. त्यापुढचा डेटा ठेवायला जागाच नाही, मग क्रॅश होणारच. छोट्या क्लिप का निघत होत्या आणि ४-के का पडत होतं, ते तिथे कळलं. एक्स्पोर्टचंही तेच: एनव्हिडियाचा हार्डवेअर एन्कोडर केप्लर पिढीपासून, २०१२ पासून, आला. फर्मीत तो नाहीच.

कार्ड बाहेर काढून टेबलावर ठेवलं तर सॉफ्टवेअरशिवायही बरंच दिसत होतं. मागच्या पट्टीवर निळा व्हीजीए पोर्ट, म्हणजे जुन्या मॉनिटरची ॲनालॉग जोडणी. पास्कल चिपमध्ये ॲनालॉग आउटपुटच नाही, त्यामुळे १०५० टीआयवर व्हीजीए असण्याचं कारण नाही. दुकानात हे अर्ध्या मिनिटात पाहता येतं, पेन ड्राइव्ह लागत नाही की इंटरनेट लागत नाही. वर सहा पिनची पॉवर जोडणी. खरं १०५० टीआय ७५ वॉटचं, बऱ्याच मॉडेलांना ती लागतच नाही (काहींना असते, त्यामुळे फक्त एवढ्यावर निर्णय देऊ नका). ५५० टीआय ११६ वॉट खातं. पंख्यावरचं स्टिकर कोरं करकरीत आणि त्याच्या कडेखाली जुन्या स्टिकरचा चिकट, काळवंडलेला डिंक.

आणि माझं ‘गेलेलं’ ७५० टीआय? भाच्यानं ते ब्रशनं साफ केलं, थर्मल पेस्ट बदलली. मग इंटरनेटची वायर काढून, सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरनं जुने ड्रायव्हर मुळापासून उडवले. वायर यासाठी काढायची की विंडोज मधेच स्वतःचा ड्रायव्हर घुसवते. नंतर एनव्हिडियाच्या साइटवरून ५८० मालिकेतला ड्रायव्हर घातला. कार्ड चालू आहे. हा मजकूर त्याच मशीनवर लिहितोय, मागे एक एक्स्पोर्ट सुरू आहे.

दुकानात आम्ही दोघं गेलो. भाच्यानं वाद घातला नाही, एवढंच म्हणाला की हे कार्ड तुमच्या काउंटरवरच्या मशीनला लावा आणि ड्रायव्हर विंडोज अपडेटला शोधू द्या. लावलं. थोड्या वेळानं डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव उमटलं, जीटीएक्स ५५० टीआय. दुकानात त्या वेळी आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. मालक म्हणाला, “सॉफ्टवेअर गलत बता रहा है.” मग म्हणाला, आम्हालाच असा माल आला. हे खरंही असेल, पण मग टेस्ट मोड कोणी लावला याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. आणि वॉरंटी तर संपलेली.

तिथूनच १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, फोन लावला. कच्च्या बिलाचा फोटो, यूपीआयची पावती, हार्डवेअर आयडीचा स्क्रीनशॉट, व्हीजीए पोर्टचा फोटो, सगळं तयार होतं. कच्चं बिल म्हणून तक्रार होत नाही हा समज सोडा. पैसे दिल्याचा आणि काय म्हणून विकलं त्याचा पुरावा पाहिजे, आणि कार्डाचं नाव चिठ्ठीवर होतं. हेल्पलाइननं जमलं नाही तर पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच: व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जायचं.

तिथवर गेलं नाही. हेल्पलाइनकडून विचारणा झाल्यावर दुकानदारानं बोलावून साडेचार हजार परत केले, हजार ‘सर्व्हिस’चे म्हणून कापले. ती हजाराची तक्रार मी अजून मागे घेतलेली नाही. कार्ड परत द्यायची अट होती. देण्याआधी त्याच्या हिरव्या पाठीवर पर्मनंट मार्करनं ठळक ‘५५० टीआय’ लिहिलं. त्यानं ते पाहिलं, अंगठा फिरवून बघितला आणि काउंटरमागच्या पोराला म्हणाला, “थिनर से निकल जाएगा.”

कार्ड पुढून काळं आहे, एक पंखा, लाल कडा, निळा व्हीजीए. दोन्ही बाजूंचे फोटो माझ्याकडे आहेत. इंदूरात कोणी १०५० टीआय बघून ठेवलं असेल तर मागून घ्या, लगेच पाठवतो.