स्कॅनडिर, ग्लॉब की रीडडिर? फोल्डरमधल्या फाइली अ‍ॅरेत घेताना

पीएचपी या वेबसाइटींच्या प्रोग्रॅमिंग भाषेत फोल्डरमधल्या फाइलींची यादी अ‍ॅरेत (नोंदींच्या क्रमवार संचात) घ्यायला मुख्यतः तीन रस्ते आहेत, तिन्ही तयार फंक्शनांचे: स्कॅनडिर, ग्लॉब आणि ओपनडिर-रीडडिरची जोडी. यातलं वेगवान कोणतं, हा प्रश्न बाजूला ठेवा. तो अ‍ॅरे पुढे कुणाच्या हातात जाणार आहे, ते आधी बघा. निवड त्यावरच ठरते.

स्कॅनडिर पीएचपी 5 पासून आहे. एका ओळीत काम होतं आणि नावं अक्षरक्रमाने लावून मिळतात. पण मिळतात ती नुसती नावं, पूर्ण पाथ (फोल्डरसकट पत्ता) नव्हे. ती खरंच फाइल आहे का, हे ‘इज-फाइल’ने तपासायचं तर आधी फोल्डरचा पाथ जोडावा लागतो. तो जोडायचा राहिला की समोर दिसणारी फाइलही ‘नाही’ म्हणून परत येते, आणि नवशिक्यांची संध्याकाळ त्यात जाते.

शिवाय एक टिंब आणि दोन टिंबं, म्हणजे चालू फोल्डर आणि वरचा फोल्डर, या दोन नोंदी यादीत असतातच. पहिल्या दोन नोंदी कापून टाकण्याची सवय अनेकांना असते. ती सोडा. फाइलीचं नाव उद्गारचिन्हाने किंवा आडव्या रेघेने सुरू होत असेल तर ते टिंबाच्याही आधी लागतं, आणि भलतीच नोंद कापली जाते. या दोन नोंदी नावानिशी अ‍ॅरे-डिफने वगळणं बरोबर, पण त्यात उरलेल्या नोंदींच्या किज, म्हणजे क्रमांक, तशाच राहतात. फोल्डरमध्ये तीन फोटो असतील तर उरलेल्या किज साधारणपणे 2, 3, 4 अशा असतात. हा अ‍ॅरे ब्राउझरकडे पाठवायला जेसन-एन्कोडला (अ‍ॅरेचा जेसन मजकूर करणाऱ्या फंक्शनला) दिला की चौकोनी कंसाऐवजी महिरपी कंस येतो: जावास्क्रिप्टला यादीऐवजी ऑब्जेक्ट मिळतो आणि तिथला, फक्त यादीवर चालणारा ‘मॅप’ कोसळतो. चूक सर्व्हरवर असते, शोध मात्र ब्राउझरमध्ये चालतो. शेवटी अ‍ॅरे-व्हॅल्यूज लावलं की किज शून्यापासून सुरू होतात.

ग्लॉबमध्ये ही कटकट नाही. ‘फोटो/*.जेपीजी’ असा नमुना दिला की हव्या त्याच फाइली येतात, तेही फोल्डरच्या पाथसकट आणि शून्यापासूनच्या किजसह. एकाच प्रकारच्या फाइली हव्या असतील तर मी डोळे झाकून हेच वापरतो. तरी तीन गोष्टी सांभाळा. लिनक्सवर मोठ्या लिपीतलं एक्स्टेन्शन असलेल्या फाइली छोट्या लिपीतल्या नमुन्यात बसत नाहीत. टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली नुसत्या तारांकनात येत नाहीत. तिसरी गोष्ट मला सगळ्यात धोक्याची वाटते: फोल्डरच नसेल तरी ग्लॉब मुकाट्याने रिकामा अ‍ॅरे देतो. स्कॅनडिर निदान वॉर्निंग देऊन ‘फॉल्स’ परत करतं. ‘फाइली नाहीत’ आणि ‘फोल्डरच नाही’ यांतला फरक तुमच्या कामाला महत्त्वाचा असेल, तर ग्लॉबच्या आधी, फोल्डर आहे का हे तपासणारं ‘इज-डिर’ हवंच. फोल्डरची नावं वापरकर्ते ठेवत असतील तर मात्र ग्लॉब नकोच. नावातला चौकोनी कंससुद्धा तो नमुना समजतो.

क्रमाबाबत स्कॅनडिर आणि ग्लॉब दोघंही सारखेच: फोटो1, फोटो10, मग फोटो2. नावातले आकडे आकडे म्हणून लावणाऱ्या नॅटसॉर्टने हे सुधारतं, पण तेही किज जुन्याच ठेवतं, म्हणजे पुन्हा अ‍ॅरे-व्हॅल्यूज आलं.

रीडडिर एकेक नाव देतं, कोणताही क्रम न लावता. लूपमध्ये ‘फॉल्स’शी तुलना तीन चिन्हांनी (!==) करा, नाहीतर ‘0’ नावाच्या फाइलीपाशी लूप थांबेल. लाखो फाइली असतील आणि प्रत्येकीवर काम करून पुढे सरकायचं असेल, तर मेमरी वाचते ती इथे. पण सगळी नावं शेवटी एकाच अ‍ॅरेत भरणार असाल तर हा खटाटोप कशाला? सरळ स्कॅनडिर घ्या.