१:४०० प्रमाणातील बोइंग ७४७-४००: आधी साचा, मग रंग

धातूच्या विमान-प्रतिकृतीत मी आधी साचा पाहतो आणि रंगाकडे नंतर वळतो, कारण छपाईतली चूक पुढच्या खेपेला सुधारता येते, पण साचाच चुकला असेल तर त्यातून निघणारे प्रत्येक विमान तीच चूक घेऊन येते. ब्रिटिश एअरवेजने २०१९ मध्ये शतकपूर्तीनिमित्त जी-बीवायजीसी या नोंदणीच्या आपल्या ७४७-४०० विमानाला बीओएसी या आपल्या पूर्वीच्या कंपनीची जुनी रंगसंगती दिली होती. त्याच विमानाची १:४०० प्रमाणातील प्रतिकृती मी महिनाभर बारकाईने पाहतो आहे.

मूळ विमान सुमारे ७०.६ मीटर लांब असल्यामुळे प्रतिकृतीची लांबी १७.७ सेंटीमीटरच्या आसपास भरते. १:२०० मध्ये हेच विमान ३५ सेंटीमीटरचे होते आणि चारपाच विमानांत कपाट भरून जाते. १:५०० मध्ये ते १४ सेंटीमीटरवर येते आणि कॉकपिटच्या काचा बारीक ठिपक्यांसारख्या दिसू लागतात. संग्रह वाढवायचा असेल आणि बारकावेही हवे असतील, तर १:४०० हेच प्रमाण योग्य, असे माझे मत आहे.

साच्याला मी जवळपास पूर्ण गुण देईन. ७४७ ची ओळख तिच्या कुबडात आहे. ४०० मालिकेत वरचा मजला लांबलेला असल्याने ते कुबड मागे कुठे आणि किती हळुवारपणे उतरते, यावर सगळी घडण अवलंबून असते, आणि इथे तो उतार अगदी नेमका साधला आहे. त्याहून मोठा आनंद इंजिनांनी दिला. या विमानाला रोल्स-रॉइसची आरबी२११ इंजिने होती, ज्यांचे आवरण थेट मागच्या टोकापर्यंत जाते. प्रॅट अँड व्हिटनी किंवा जनरल इलेक्ट्रिकच्या इंजिनांत ते आखूड असते आणि मागे गाभ्याचा निमुळता भाग उघडा दिसतो. खर्च वाचवण्यासाठी एकच इंजिन सर्व कंपन्यांच्या विमानांना लावलेले मी पाहिले आहे, म्हणून हा बारकावा पाळलेला पाहून फार बरे वाटले.

छपाईत मात्र एक उणीव आहे. अशी छपाई सिलिकॉनच्या मऊ गादीने शाई उचलून गोलाकार पृष्ठभागावर दाबून केली जाते आणि दोन्ही बाजूंचे ठसे स्वतंत्रपणे उमटतात. खिडक्यांवरून जाणारा गडद निळा पट्टा नाकापाशी जुळतो, तिथे डावी बाजू उजवीपेक्षा केसभर वर आहे. शेपटीवरचा सोनेरी स्पीडबर्ड, म्हणजे बीओएसीचे पक्ष्याच्या आकाराचे बोधचिन्ह, मात्र भिंगाखालीही स्वच्छ आणि रेखीव दिसतो.

दुसरी तक्रार चाकांची. ७४७ ला पुढे २ आणि मागे चार संचांत १६ चाके असतात. हे चारही संच एकाच वेळी जमिनीला टेकणे हीच प्रतिकृती जोडणाऱ्याची खरी परीक्षा. विमान काचेवर ठेवून चाकांखाली कागदाची पट्टी सरकवली, तर डाव्या पंखाखालच्या संचाखालून ती सहज आरपार गेली. कपाटात ठेवल्यावर हे जाणवत नाही, पण एकदा कळल्यावर माझी नजर तिथेच जाते.

घेणाऱ्यांनी विमान खोक्यातून काढताना पंखांना किंवा इंजिनांना न धरता धडालाच धरावे. पंख खाचेत बसवलेले आहेत, आणि त्यांच्यावर जोर पडला तर आत्ता जेमतेम दिसणारी सांध्याची फट रुंदावू शकते.