‘गाडी घ्या, हप्ता आम्ही भरतो’ : कोल्हापुरात आमचे पाच लाख कसे गेले

“साठवलेले पैसे मोडू नका. ते आमच्याकडं ठेवा, गाडी कर्जावर उचला, महिन्याच्या परताव्यातून हप्ता भरा. गाडी दारात, मुद्दल जागेवर.”

असं सध्या तुम्हाला कोणी सांगत असेल, मग तो सख्खा मेव्हणा असो, तालमीतला मित्र असो की कंपनीतला साहेब, तर पैसे देण्याआधी पुढचं सगळं सावकाश वाचा. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या पट्ट्यात वेगवेगळ्या नावांनी अशा योजना येतात आणि जातात. आमचे पाच लाख अशाच एका योजनेत गेले. गाडीचा हप्ता मात्र आजही दर महिन्याला आमच्याच पगारातून जातो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो, कारण नातेवाइकांत याबद्दल फार चुकीचं बोललं जातं. ही फसवणूक उधळ्या माणसांसाठी रचलेली नव्हती. उधळा माणूस पैसे मोडतो, गाडी घेतो आणि मोकळा होतो. ही योजना नेमकी अशांसाठी होती जे वर्षानुवर्षं एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरलेली रक्कम) भरतात, पीपीएफ सांभाळतात आणि गाडीचा विषय निघाला की ‘फंड मोडायचा का?’ या विचारानं रात्रभर जागे राहतात. त्यांना हवं असलेलं उत्तरच त्यांच्या हातात ठेवलं जातं.

मी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटी विभागात आहे. बायको शिक्षिका. लग्न झाल्यावर लगेच आम्ही इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर निर्देशांकाच्या मागं चालणाऱ्या म्युच्युअल फंडात, एसआयपी सुरू केली. हे पैसे पोरीच्या शिक्षणाचे आणि आमच्या म्हातारपणाचे, त्याला हात लावायचा नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. दुसरीकडं मला गाडीची मनापासून आवड. कोल्हापूरकरांना त्याचं नवल वाटणार नाही. गो-कार्टिंगचा ट्रॅक असलेलं आमचं गाव, आणि पन्हाळा, गगनबावडा, फोंडा, आंबोली असे रस्ते रविवारच्या टप्प्यात. माझ्या मनात ह्युंदाईची आय-२० एन लाइन होती. एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १२० पीएस, सहा गिअर. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ती कशी ओढते ते टेस्ट ड्राइव्हला कळलं, आणि त्यानंतर दुसरी गाडी डोक्यात बसेना.

आम्हाला मिळालेल्या कोटेशनप्रमाणे ऑन रोड किंमत तेरा लाखांच्या आसपास जात होती. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स आहे, तो आणि विमा धरला की शोरूमचा आकडा असा फुगतो. चार लाख आम्ही गाडीसाठी वेगळे जमवले होते. राहिले नऊ. साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांचं कर्ज काढलं तर हप्ता साधारण १४,७०० रुपये, आणि सात वर्षांत नुसतं व्याजच सव्वातीन लाखांच्या वर. एवढा हप्ता भरायचा तर एसआयपी अर्ध्यावर आणावी लागणार होती. नाहीतर फंड मोडायचा. दोन्ही पटत नव्हतं, म्हणून गाडी पुढं ढकलत होतो.

आमची ही घालमेल दाजींना माहीत होती. ताईच्या घरी जेवायला बसलं की विषय निघायचाच. एके दिवशी ते म्हणाले, “अरे, एवढा विचार कशाला करतोस? आमच्या तालमीतला पोरगा हाय, शेअर मार्केटचं काम करतोय. पाच लाख ठेव, महिन्याला तीन टक्के देतोय. पंधरा हजार झालं की न्हाई? तुझा हप्ता चौदा सातशे. तुला अजून काय पायजे?”

आकडे असे चपखल बसत होते. दाजी खोटं बोलत नव्हते. त्यांनी स्वतः आधीच पैसे ठेवले होते आणि त्यांना दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे येत होते. पण आम्हाला आणल्याबद्दल त्यांना कमिशन मिळणार होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. अशा योजनांना जाहिरात लागत नाही. एकाच पेठेतली, एकाच भिशीतली माणसं एकमेकांना घेऊन येतात. ‘आपला माणूस हाय’ म्हटल्यावर कागद मागणंही उद्धटपणाचं वाटतं.

नंतर एका हॉलमध्ये त्या पोराच्या कंपनीचा मेळावा झाला. तांबड्या-पांढऱ्याचं जेवण, स्टेजवर प्रोजेक्टर, आणि मध्येच दोन-तीन जणांना नव्या गाड्यांच्या किल्ल्या देण्याचा कार्यक्रम. प्रत्येक गाडी त्या त्या माणसानं स्वतःच्या नावावर कर्ज काढून घेतलेली होती. कंपनीनं फक्त हार घातला आणि फोटो काढले.

ऑफिसच्या भिंतीवर प्रमाणपत्रं फ्रेम करून लावलेली होती. यावर मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण निम्मी माणसं या भिंतीलाच भुलतात. जीएसटी नोंदणी म्हणजे कर भरण्यासाठी मिळालेला नंबर. कंपनी नोंदणी म्हणजे त्या नावाची कंपनी अस्तित्वात आहे एवढंच. उद्यम प्रमाणपत्र ऑनलाइन, विनाशुल्क, स्वतःच माहिती भरून मिळतं. शॉप ॲक्ट म्हणजे दुकान-ऑफिस चालवण्याची नोंद. यातला एकही कागद लोकांकडून ठेवी घेण्याची परवानगी नाही. शेअर बाजारात दुसऱ्याचे पैसे सांभाळायचे असतील तर सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागते. गुंतवणूक सल्लागाराचा नंबर आयएनए या अक्षरांनी सुरू होतो, ब्रोकरचा आयएनझेड, पोर्टफोलिओ मॅनेजरचा (ग्राहकाच्या वतीनं त्याची गुंतवणूक सांभाळणाऱ्याचा) आयएनपी. हे नंबर सेबीच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतात. नोंदणी असली तरी ठरलेल्या परताव्याची हमी देता येत नाही. सल्लागाराला तर ग्राहकाच्या गुंतवणुकीचे पैसे स्वतःच्या खात्यात घेताच येत नाहीत. पोर्टफोलिओ मॅनेजरला एका ग्राहकाकडून किमान ५० लाख घ्यावे लागतात. म्हणजे ‘तुमचे पाच लाख आम्ही मार्केटमध्ये फिरवतो आणि महिना तीन टक्के देतो’ हे वाक्य कोणत्याही परवान्यात बसतच नाही.

आम्हाला पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला करार मिळाला. त्यात ‘गुंतवणूक’ हा शब्द कुठंही नव्हता. ‘व्यवसायासाठी उसनवार रक्कम’ असं लिहिलं होतं. सोबत मुद्दलाचा एक चेक, तारीख न घातलेला. फंडातले पाच लाख काढून आम्ही त्यांच्या खात्यावर भरले, बँकेतून नऊ लाखांचं कर्ज केलं आणि गाडी आणली.

सुरुवातीचे काही महिने पंधरा हजार वेळेवर आले. याच काळात माणसाचा विश्वास पक्का होतो, आणि तो किती फसवा असतो ते नंतर घरी हिशोब मांडला तेव्हा दिसलं. पाच लाखांना पंधरा हजारांनी भागा. तेहतीस येतात. म्हणजे त्या माणसानं बाजारात एक रुपया कमावला नाही, नवा एकही गुंतवणूकदार आणला नाही, तरी माझेच पैसे मला परत देत तो तेहतीस महिने वेळेवर हप्ता देऊ शकतो. ‘मला वर्षभर नियमित येतंय’ हा पुरावा म्हणून कोणी सांगितला तर त्याला हा भागाकार करायला सांगा.

दुसरा हिशोब व्याजाचा. महिना तीन टक्के म्हणजे वर्षाला ३६ टक्के, आणि तेच पुन्हा गुंतवत गेलं तर बेचाळीसच्या वर. ज्याला खरोखर इतकं कमावता येतं तो बँकेतून अकरा-बारा टक्क्यांनी कर्ज काढेल आणि वरचा सगळा नफा स्वतः ठेवेल. फौंड्रीतल्या कामगाराला, शाळेतल्या बाईंना तो ३६ टक्के कशाला देईल? याला त्यांच्याकडं उत्तर नसतं, म्हणून मेळाव्यात प्रश्न विचारायला वेळच ठेवत नाहीत.

मग एका महिन्यात पैसे आले नाहीत. आधी ‘सॉफ्टवेअर अपडेट चालू आहे’. नंतर ‘बँकेनं खातं तपासणीसाठी थांबवलंय’. त्यानंतर मुद्दलाच्या बदल्यात कुठल्याशा नव्या क्रिप्टो कॉइनमध्ये किंवा प्लॉटमध्ये पैसे वळवून घ्या, असा निरोप. सगळ्यात घातक वाक्य मात्र हे : “तक्रार केलीत तर खाती गोठतील आणि कोणालाच काही मिळणार नाही.” या एका धमकीनं शेकडो माणसं गप्प बसतात, आणि त्या शांततेत पैसे आणि मालमत्ता दुसऱ्यांच्या नावावर जातात. खरं याच्या नेमकं उलट आहे. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणासाठी १९९९ चा कायदा आहे, त्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. त्याखाली सरकार अशा संस्थेची आणि संबंधितांची मालमत्ता जप्त करू शकतं, आणि न्यायालयाच्या आदेशानं त्यातून ठेवीदारांना पैसे मिळू शकतात. खाती आणि जमिनी जितक्या लवकर गोठतील तितकं वाटायला जास्त उरतं. उशीर झाला की जप्त करायला रिकामी खाती आणि भाड्याचं ऑफिस उरतं.

आमची तक्रार आर्थिक गुन्हे शाखेत आहे. हे काम वर्षानुवर्षं चालतं. दरम्यान ‘दहा टक्के द्या, तुमचे पैसे सोडवून आणतो’ म्हणणारे फोन येतात. ती दुसरी फसवणूक. पीडितांची यादी विकली जाते असा माझा संशय आहे, नाहीतर त्यांना रक्कम कशी कळली?

घरात काय झालं ते थोडक्यात. ताई अजून आमच्याशी मोकळेपणानं बोलत नाही. दाजींचे स्वतःचे पैसे बुडाले आणि त्यांच्या शब्दावर पैसे ठेवलेले शेजारी दारात येतात. मला त्यांचा राग आहे, पण त्यांना चोर म्हणणार नाही. मात्र कमिशन घेऊन माणसं आणणाऱ्या प्रत्येकानं हे समजून घ्यावं की अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा २०१९ चा कायदा जाणूनबुजून खोटं सांगून किंवा माहिती दडवून अशा योजनेत लोकांना पैसे ठेवायला लावणं हाही गुन्हा मानतो, आणि त्याला एक ते पाच वर्षं कैदेची तरतूद आहे. ‘मला काय माहीत’ म्हणून सुटका होईल या भरवशावर राहू नये.

नातेवाइकांत निकाल केव्हाच लागलाय : “गाडीच्या नादापायी घालवलं.” हे मला मान्य नाही. गाडीनं आम्हाला फसवलं नाही. आवडीची गाडी असणं हे पाप नाही. दिवसभर भट्टीजवळ काम करणाऱ्या माणसाला रविवारी गगनबावड्याचा रस्ता हवा असेल तर त्यात गैर काही नाही. फसवणूक त्या ठिकाणी आहे जिथं कोणी सांगतो की खर्च हा खर्च उरणारच नाही. गाडी हा खर्च आहे. ती दरवर्षी स्वस्त होते, पेट्रोल पिते, विमा मागते. तो पैसा कुठून तरी आपणच द्यायचा असतो. ते पाच लाख फंडात राहिले असते आणि दरसाल सरासरी १० टक्के जरी धरले, तरी १५ वर्षांत २१ लाखांच्या जवळ गेले असते. हमी त्याचीही नाही, वर-खाली होतं. पण ते आमच्या नावावर असते.

गाडी आम्ही ठेवली. नवी गाडी लगेच विकली तर टॅक्स आणि विम्याचे पैसे परत येत नाहीत, आणि कर्जाची बाकी किमतीपेक्षा जास्त निघत होती. एसआयपी कमी केली, बंद केली नाही. यावर बायको ठाम राहिली आणि ती बरोबर होती. यापुढच्या गाडीसाठी वेगळं रिकरिंग खातं आहे. पगार झाल्यावर आधी एसआयपी, मग घर, मग ते खातं. त्यात जमेल तेवढ्याचीच गाडी, आणि ती सेकंडहँड असली तरी चालेल. चांगल्या अवस्थेतली चार-पाच वर्षांची टर्बो गाडी घाटात तेवढाच आनंद देते.

आता ज्यांचे पैसे अजून अशा ठिकाणी आहेत त्यांच्यासाठी. परतावा वेळेवर येत असला तरी आजच मुद्दल लेखी मागा, तेही ईमेलवर किंवा स्पीड पोस्टानं. तुमच्याकडं चेक असेल तर तो कपाटात ठेवू नका. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांतच तो वटवता येतो. परत आला तर बँकेची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस जायला हवी. समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस असतात, आणि त्यानंतर महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार. यातली एक तारीख चुकली तरी तो रस्ता अवघड होतो, म्हणून चेक भरण्याआधीच वकिलाला दाखवा. आर्थिक गुन्हे शाखेत जाताना मूळ करार, पैसे पाठवल्याचं बँक स्टेटमेंट, आलेल्या परताव्याच्या नोंदी, मेळाव्याचे फोटो आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं, सगळं दोन प्रतींत न्या. फोन बदलणार असाल तर आधी त्या चॅट सुरक्षित करा. आमच्या गटातल्या कित्येकांचं रोखीनं दिलेल्या पैशांचं म्हणणं फक्त त्या चॅटवरच उभं आहे.