गेटवेतला डेटा सर्व्हरवर न्यायचा: एमक्यूटीटी, एसएफटीपी की व्हीपीएन?

मशीनवर पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक), पॅनेलमध्ये लिनक्सचा छोटा गेटवे (पीएलसीचा डेटा गोळा करून पुढे पाठवणारी पेटी), आणि डेटा हवा मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवर. अशा वेळी बहुधा तीन पर्याय पुढे येतात: टीएलएसवरून (एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीवरून) एमक्यूटीटी, म्हणजे छोटे मेसेज पाठवण्याची पद्धत; एसएफटीपी, म्हणजे एसएसएचच्या सुरक्षित जोडणीवरून फायली पाठवण्याची पद्धत; आणि वायरगार्डसारखा व्हीपीएन, म्हणजे दोन ठिकाणांमधला सुरक्षित बोगदा. वाटेत कोणी डेटा वाचू नये, एवढंच पाहिलं तर नीट बसवलेले तिन्ही भक्कम आहेत. निवड करताना दोन वेगळे प्रश्न विचारा. नेट गेलं की काय हरवतं? आणि गेटवे चोरीला गेला तर चोराला काय उघडं मिळतं?

दर सेकंदाला येणाऱ्या रीडिंगसाठी आमची शिफारस एमक्यूटीटीची. पोर्ट 8883 वापरा, 1883 फायरवॉलवर बंद करा. प्रत्येक गेटवेला स्वतंत्र सर्टिफिकेट द्या, ब्रोकरवर (मेसेज घेऊन पुढे वाटणाऱ्या सर्व्हरवर) ते सक्तीचं करा आणि एसीएलमध्ये (परवानग्यांच्या यादीत) त्या गेटवेला फक्त स्वतःच्या टॉपिकवर (मेसेजच्या पत्त्यावर) लिहू द्या. मग एक पेटी गेली तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही. सगळ्यांना एकच पासवर्ड दिला असेल, तर एका चोरीनंतर प्रत्येक पॅनेल उघडावं लागतं.

डेटा किती जाईल तेही आधी मोजा. 200 टॅग (पीएलसीतली मोजमापं), सेकंदाला एक रीडिंग, जेसनमध्ये (मजकुराच्या एका मांडणीत) प्रत्येकी 100 बाइट धरले तर दिवसाला सुमारे 1.7 जीबी होतात. रोज 1.5 जीबी देणारं सिम त्याला पुरणार नाही. ठरावीक फरक पडला तरच रीडिंग पाठवायचं, असा डेडबँड लावा.

एमक्यूटीटीत खरी गळती होते ती रांगेत. गेटवेवरचा मॉस्किटो (एक एमक्यूटीटी ब्रोकर) मुख्य ब्रोकरला ब्रिज केला (जोडला), की नेट गेल्यावर मेसेज साठतात, पण मूळ सेटिंगमध्ये फक्त 1000. प्रत्येक टॅगचा वेगळा मेसेज असेल तर 200 टॅगना ही रांग 5 सेकंदांत भरते आणि पुढचं सगळं फेकलं जातं. सगळे टॅग एका मेसेजमध्ये बांधले तर साधारण 17 मिनिटं निघतात. 8 तासांची पाळी तगायची तर 28,800 मेसेजची जागा हवी. मर्यादा 50,000 ठेवा. शिवाय पर्सिस्टन्स (मेसेज डिस्कवर जपणं) चालू असूनही ही रांग डिस्कवर मूळ सेटिंगने दर 1800 सेकंदांनीच लिहिली जाते. त्याआधी लाइट गेली तर अर्ध्या तासापर्यंतचा डेटा गेला. म्हणून आधी एसक्यूलाइटमध्ये (गेटवेवरच्या छोट्या डेटाबेसमध्ये) नोंद, मग थेट मुख्य ब्रोकरला क्यूओएस 1 ने (पोच मागणाऱ्या पातळीने) पाठवणं, आणि पोच आल्यावरच ती नोंद खोडणं, हा क्रम जास्त खात्रीचा. क्यूओएस 1 मध्ये तोच मेसेज दोनदा येऊ शकतो. डेटाबेसमध्ये गेटवे, टॅग आणि वेळ मिळून युनिक की (एकदाच येऊ शकणारी ओळख) ठेवली की प्रश्न मिटतो. ही पोच ब्रोकरची असते, डेटाबेसची नव्हे, हेही ध्यानात असू द्या.

मोठ्या फायली असतील तर एसएफटीपी. सेकंदाला 25,600 नमुने घेणाऱ्या 16 बिट कंपन-सेन्सरची 10 सेकंदांची फाइल सुमारे 512 केबी होते; तिचे तुकडे करून एमक्यूटीटीवर ढकलण्यात अर्थ नाही. फाइल आधी ‘.पार्ट’ नावाने चढवा आणि पूर्ण झाल्यावर नाव बदला, नाहीतर सर्व्हर अर्धवट फाइल उचलतो. गेटवेचं खातं क्रूटमध्ये, म्हणजे एकाच फोल्डरच्या आत, कोंडा. त्या फोल्डरची मालकी रूटकडे (मुख्य प्रशासकाच्या खात्याकडे) नसेल किंवा इतरांना तिथे लिहिता येत असेल, तर लॉगिनच होत नाही. म्हणून चढवण्यासाठी आत वेगळं फोल्डर करा. आलेल्या फायली सर्व्हरने लगेच दुसरीकडे हलवाव्यात, म्हणजे चोरलेल्या कीने जुना डेटा पुसता येणार नाही.

व्हीपीएन सर्वात सोपा वाटतो: बोगदा टाकला की सर्व्हर थेट पीएलसी वाचतो. पण पोर्ट 502 वरच्या साध्या मॉडबस टीसीपीला (पीएलसीशी बोलण्याच्या पद्धतीला) पासवर्डच नाही. बोगद्यात शिरलेल्याला पीएलसीवर लिहिताही येतं. शिवाय बोगदा तुटला की त्या वेळची रीडिंग कुठेच साठत नाहीत. तो देखभालीसाठी ठेवा, तोही फायरवॉलने ठरावीक आयपी आणि पोर्टपुरता बांधून.

एक खर्च मात्र टाळू नका: सेलवर चालणारं घड्याळ. ते नसेल तर लाइट आल्यावर गेटवेची वेळ मागे जाते. टीएलएस सर्टिफिकेट ‘अजून वैध नाही’ म्हणून नाकारतं आणि वायरगार्डचा सर्व्हर जुना हँडशेक (जोडणी सुरू करायचा मेसेज) समजून निमूटपणे टाकून देतो. एसएसएचच्या साध्या कीला वेळेची फिकीर नसते, पण फायलींवर चुकीची वेळ पडते. आणि एनटीपी सर्व्हर (नेटवरून वेळ पुरवणारा) व्हीपीएनच्या पलीकडे ठेवू नका: वेळेसाठी बोगदा हवा आणि बोगद्यासाठी वेळ, अशा अडकलेल्या गेटवेकडे शेवटी माणूस पाठवावा लागतो.